कापसाच्या भावात ग्राफिक कार्ड

संगणकाच्या सुट्या भागांची यादी वहीच्या मागच्या पानावर असते. रायझन ५ ५६००, बी ४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १ टीबीची एनव्हीएमई, आरएक्स ६६००, ५५० वॉटचं एसएमपीएस, कॅबिनेट. प्रत्येकापुढे आकडा, खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. २०२४च्या सुमारास ही बेरीज मॉनिटर सोडून ५५ ते ६० हजारांच्या घरात जायची. बोदवडच्या एखाद्या कापूसवाल्या घरात ही वही पुढे सरकली की वडीलधारी माणसं ती रुपयांत वाचतच नाहीत, क्विंटलमध्ये वाचतात. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. म्हणजे यादी झाली जवळजवळ ८ क्विंटलची. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल पदरात पडले तरी पुष्कळ म्हणायचं, तेव्हा बी-बियाणं, खत, फवारणी, वेचणी काहीच वजा न करता दोन एकरांचं पीक एका खोक्यात गेलं.

“कारे, मोबाइलवर खेयता येते ना? मंग हे खोकं कायले?”

प्रश्न बिनतोड आहे आणि त्याला ‘तुम्हाला नाही कळायचं’ हे उत्तर चालत नाही. खान्देशातल्या पोरांचं खेळणं खरोखरच मोबाइलवर होतं. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत पारावर, एसटी स्टँडवर, मार्केट यार्डाच्या कट्ट्यावर पबजी सुरू झालं. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं त्यावर बंदी घातली. २०२१च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावानं परतला, २०२२च्या जुलैत पुन्हा अॅपच्या दुकानांतून गेला, २०२३च्या मे महिन्यात पुन्हा आला. या सगळ्या जा-येमध्ये कुणालाही डेस्कटॉप घ्यावासा वाटला नाही, कारण लागतच नव्हता. खोक्याची गरज पडते ती खेळणाऱ्याला खेळ कसा बनतो हे पाहावंसं वाटू लागलं की. आणि तिथंच वहीतली यादी चुकायला लागते. ती बहुधा खेळणाऱ्यांच्या शिफारशींवरून उतरवलेली असते, आणि त्या शिफारशी करणारी माणसं बोदवडमध्ये राहत नसतात.

बोदवड हा जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडचा छोटा तालुका. भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचं स्टेशन, शेजारी नाडगाव, पलीकडे मलकापूर. नागपूरपर्यंतचा हा मार्ग १८६७ साली पुरा झाला तो मुख्यत्वे वऱ्हाड-खान्देशाचा कापूस मुंबईला न्यायला. कापूस अजून आहे, जिनिंग आहेत, पाण्याची ओढाताणही तितकीच जुनी आहे. संगणक इथं आला तो बहुतेक तालुक्यांत आला तसाच, एमएस-सीआयटीच्या वर्गातून. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलनं हा अभ्यासक्रम गावोगाव नेला आणि एका पिढीनं पहिल्यांदा माउस हातात धरला तो सरकारी नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागतं म्हणून. झेरॉक्स, सातबारा, ऑनलाइन फॉर्म यांच्या दुकानात संगणक दिसतो. ग्राफिक कार्ड मात्र तिथं नसतं. ते पाहायचं तर जळगावचं गोलाणी मार्केट गाठायचं, त्यापुढे पुण्याची तपकीर गल्ली, त्याहून पुढे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नाहीतर घरबसल्या मागवायचं आणि कुरिअरवाल्याला स्टँडवर गाठायचं.

खेळणं आणि खेळ बनवणं या दोन कामांची संगणकावर पडणारी ओझी वेगवेगळी असतात. खेळताना सगळ्यात जास्त राबतं ग्राफिक कार्ड. सेकंदाला साठ चित्रं रंगवून पडद्यावर फेकायची, एवढंच त्याचं काम, पण ते जबर आहे. बनवताना मात्र दिवसाचा बराचसा वेळ कार्ड निवांत असतं. कोड संकलित होत असतो, चित्रांचे पोत दाबून लहान केले जात असतात, प्रकाशाचा हिशेब मांडला जात असतो. हे काम प्रोसेसरच्या गाभ्यांचं आणि रॅमचं. एकाच वेळी खेळ बनवायचं इंजिन उघडं, त्रिमिती आकार घडवायचं ब्लेंडर उघडं, कोड लिहायचा एडिटर उघडा, ब्राउझरमध्ये शिकवणीचे दहा टॅब. १६ जीबी रॅम इथं पाहता पाहता भरते. अनरिअल इंजिन बनवणारी एपिक कंपनी आपल्या कागदपत्रांत ३२ जीबी रॅमची शिफारस करते, आणि ती काही विक्रीची युक्ती नाही.

तेव्हा पैसे कमी असतील तर कार्डातून काढून रॅममध्ये घालावेत. खेळणाऱ्या मित्रांना हे ऐकून धक्का बसेल, बसू द्यावा.

प्रोसेसरच्या बाबतीत फारसं भांडण उरलेलं नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये आलेला रायझन ५ ५६०० सहा गाभ्यांचा, बारा धाग्यांचा, ६५ वॉटचा. त्याच वर्षाच्या जानेवारीत आलेला इंटेलचा आय३ १२१००एफ चार गाभ्यांचा. खेळापुरता तो पुरून उरतो, पण कोड संकलित करताना दोन जास्तीचे गाभे रोज संध्याकाळी वेळ वाचवतात. जोडी मात्र जुळलेली हवी. एक बैल खिल्लार आणि दुसरा मरतुकडा असेल तर औत मरतुकड्याच्याच चालीनं चालतं. तीस हजारांचं कार्ड जुन्या दोन गाभ्यांच्या प्रोसेसरला जुंपणारे पुष्कळ आहेत.

यात आणखी एक वाट आहे आणि खान्देशातल्या घरांना ती जास्त मानवते, कारण इथं पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. रायझन ५ ५६००चा ५६०० जी नावाचा भाऊबंद आहे. त्याच्या पोटातच छोटं ग्राफिक्स बसवलेलं आहे. साध्या ५६००मध्ये ते नाही, वेगळं कार्ड घातल्याशिवाय त्याच्या पडद्यावर अक्षरही उमटत नाही. जी घेतला तर पहिल्या हंगामात कार्डाविना संगणक उभा राहतो. त्यावर गोडो, युनिटी ही इंजिनं चालतात, ब्लेंडरमध्ये बैलगाडी, विहीर, कौलारू घर घडवता येतं. कार्ड पुढच्या दिवाळीनंतर, कापूस विकला की. किंमत एवढीच मोजायची की जीच्या आतली कॅश साध्या ५६००च्या निम्मी आहे, म्हणून मोठं कार्ड घातल्यावर तो काही खेळांत थोडा मागे पडतो. दोन हंगामांत वाटून घेतलेल्या खरेदीसाठी ही तूट सोसण्यासारखी आहे.

फक्त अशा खरेदीत एक पथ्य लागतं. मदरबोर्ड चार रॅमच्या खाचांचा घ्यायचा. स्वस्तातल्या बोर्डाला दोनच खाचा असतात. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं, म्हणून रॅमच्या दोन पट्ट्या जोडीनं लावाव्या लागतात. एकच पट्टी लावली तर अर्धा रस्ता बंद. पण ८-८च्या दोन पट्ट्यांनी दोन्ही खाचा भरल्या की वाढवायच्या वेळी जुन्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतात. चार खाचांच्या बोर्डाला हजार-दीड हजार जास्त पडतात आणि पुढे तेवढेच वाचतात. दुकानात फार दिवस पडून राहिलेला बी ४५० बोर्ड असेल तर त्याचा बायोस नव्या प्रोसेसरला ओळखतो का, हे तिथल्या तिथं विचारून घ्यायचं. घरी येऊन काळा पडदा पाहण्यात आठवडा जातो.

रॅमचा भाव हा आता वेगळाच विषय झाला आहे. २०२४ साली १६ जीबीची डीडीआर४ जोडी तीन-साडेतीन हजारांत मिळायची. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी जगभरातली मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव दुपटीच्याही पुढे गेले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉननं क्रुशिअल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरगुती गिऱ्हाइकापेक्षा डेटा सेंटर परवडतं, असा त्याचा सरळ अर्थ. अमेरिकेत, कोरियात काय चाललं आहे त्यावर आपला भाव ठरतो, हे कापूसवाल्या घराला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

कार्डाचंही असंच झालं होतं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे २०२१च्या फेब्रुवारीत भारतात २९,५०० रुपयांना जाहीर झालं, आणि प्रत्यक्षात काही महिने जवळजवळ दुप्पट भावानं विकलं गेलं. करोनातली टंचाई होती, वर इथेरिअम नावाचं आभासी चलन खणायला लोक कार्डांच्या राशी लावत होते. गंमत म्हणजे त्याच २०२१-२२च्या हंगामात खान्देशात कापूसही दहा हजारांच्या वर गेला. बापाला भाव मिळाला, पण पोराच्या यादीतलं कार्ड त्याच्याही पुढे पळालं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरिअमनं आपली पद्धत बदलली, कार्डांनी चलन खणणं संपलं आणि वापरलेली हजारो कार्डं बाजारात आली. आजही आरएक्स ५८० सारखं २०१७चं कार्ड स्वस्तात हाताशी येतं. मोह होतो. पण ते १८५ वॉट ओढतं, अनेकदा महिनोन् महिने रात्रंदिवस राबलेलं असतं, आणि त्यावर वॉरंटी नसते. २०२१च्या ऑक्टोबरमधलं आरएक्स ६६०० १३२ वॉटमध्ये त्याच्या कितीतरी पुढे जातं. ब्लेंडरमध्ये जास्त काम करायचं असेल, तर थोडे जास्त मोजून १२ जीबी मेमरीचं ३०६० घ्यावं. ब्लेंडरचं एनव्हिडियाशी जास्त पटतं आणि मोठ्या दृश्यांना ती मेमरी कामी येते.

इथपर्यंतचं सगळं मुंबईच्या मुलालाही सांगता येईल. बोदवडची यादी वेगळी होते ती यानंतर.

पहिली गोष्ट एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. यादीत ती शेवटून दुसऱ्या ओळीत असते आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री तिलाच लागते. अनेक दुकानांत कॅबिनेटबरोबर एक एसएमपीएस फुकट मिळतं, त्यावर ४५० वॉट असं छापलेलं असतं. हातात घेतलं की हलकं लागतं, एवढ्यावरून ओळखावं. ८० प्लस ब्राँझचा शिक्का असलेलं निम्म्या भारावर साधारण ८५ टक्के वीज कामी लावतं, उरलेली उष्णता होते. उन्हाळ्यात ती उष्णता कुठं जाणार, हा प्रश्न जळगाव जिल्ह्यात पुस्तकी नाही. शिवाय एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारं आहे का, हे लेबलवर वाचायचं. काही स्वस्त नमुने २०० ते २४०चेच असतात. आता भुसावळजवळ दीपनगरला ५००-५०० मेगावॉटचे संच वीज बनवतात खरे, पण ती वीज गावातल्या शेवटच्या खांबावर किती ताकदीनं पोचते हे वेगळं गणित आहे. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर, मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवा पिवळा पडतो, आणि २०० व्होल्टला अडणारं एसएमपीएस ऐन संकलनाच्या वेळी मान टाकतं.

हिशेब करून पाहावा. प्रोसेसर जोर लावून ७६ वॉट, कार्ड १३२, बोर्ड-पंखे-ड्राइव्ह मिळून चाळीस-पन्नास. म्हणजे अडीचशेच्या वर. एसएमपीएसची तूट आणि मॉनिटर धरून भिंतीतून तीनशेच्या वर ओढलं जातं. बाजारात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटचा असतो. म्हणजे कसाबसा तरतो, काही मिनिटं. १ केव्हीएचा घ्यावा. त्याच्यावर खेळ पुढे चालवायचा नसतो, फाइल सेव्ह करून संगणक नीट बंद करायचा असतो. घरच्या इन्व्हर्टरवर भागवायचं म्हणणारे असतात. तो साइन वेव्हचा असेल आणि मागचं बटण यूपीएसकडे असेल तर बहुधा भागतं. चौकोनी लहरींच्या जुन्या इन्व्हर्टरवर चांगलं एसएमपीएससुद्धा कुरकुरतं, कधी बंदच पडतं.

आणि अर्थिंग. लोखंडी कॅबिनेटला अनवाणी उभं राहून हात लावला आणि बोटांना झिणझिण्या आल्या, तर एसएमपीएस बिघडलेलं असतंच असं नाही. त्याच्या आतल्या गाळणीतून किंचित प्रवाह कॅबिनेटवर येतो, तो अर्थच्या तारेनं जमिनीत जायचा असतो. तार नसेल तर तो माणसातून जातो. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. वायरमनला बोलावून परसात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घालून खड्डा भरून घ्यायचा. या कामाचा खर्च कुठल्याच यादीत नसतो आणि साठ हजारांच्या यंत्राला त्याच्याइतका विमा दुसरा नाही.

मग ऊन. ५६००ला कंपनीनं दिलेली मर्यादा ९० अंशांची. खोली २५ अंशांवर असेल तर चिपला ६५ अंश तापायची मुभा आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ असतील तर ४८चीच उरते, कारण पंखा कितीही मोठा असला तरी तो खोलीतलीच हवा फुंकतो. अशा वेळी प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि मुलाला वाटतं की कार्ड कमी पडतंय. त्याला वरचढ कूलर लागत नाही, बायोसमध्ये इको मोड लावला तरी पुष्कळ फरक पडतो. खेळाला सेकंदाला साठ चित्रांची वेसण घातली तरी कार्डाची वीज आणि उष्णता दोन्ही खाली येतात. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर एकशेवीस चित्रं काढून ती दिसणार तरी कुठं.

ऊन वाढलं की मुलं कॅबिनेट खोलीतल्या कूलरसमोर नेऊन ठेवतात. हे कटाक्षानं टाळावं. खसच्या जाळीतून येणारा वारा गार असतो तसाच ओला असतो, आणि इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की कूलरच्या जाळीवर महिनाभरात पांढरी खपली धरते. तेच तुषार मदरबोर्डावर वाळले तर काय होतं ते सांगायला नको. याहून वाईट गोष्ट हिवाळ्यात येते. जिनिंग सुरू झाली की हवेत कापसाचे तंतू तरंगतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर मात्र आठ-पंधरा दिवसांत करडी गोधडी तयार होते. नखानं एका कोपऱ्यातून उचलली तर सबंध पापुद्रा निघून येतो, पांघरुणासारखा, मधे पंख्याच्या गोल ठशासकट. म्हणून कॅबिनेट घेताना काच आणि रंगीत दिवे पाहण्याऐवजी पुढची जाळी स्क्रू न काढता निघते का ते पाहावं. परीक्षणांमध्ये हा मुद्दा सापडत नाही, कारण परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या खिडकीबाहेर सरकी आणि रुई वेगळी होत नसते.

असे सुटे भाग जोडून केलेला महाराष्ट्रातला सगळ्यात नावाजलेला ‘असेंबल’ संगणक कुठला, असं कुणी विचारलं तर उत्तर पुण्यात आहे. १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली ती अमेरिकेनं हवा तसा क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यामुळे. ३० कोटींची तरतूद आणि तीन वर्षांची मुदत. संस्थेचे प्रमुख विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच प्रचंड ताकदीचा प्रोसेसर घडवायचा नाद केला नाही. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर बाजारात मिळत होते, ते अनेक एकत्र जोडले, काम त्यांच्यात वाटून देणारी यंत्रणा स्वतः लिहिली, आणि १९९१ साली परम ८००० उभा राहिला. भटकर मूळचे मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. मूर्तिजापूर बोदवडच्याच लोहमार्गावर आहे, अकोल्याच्या पुढे. परमची आणि साठ हजारांच्या खोक्याची बरोबरी करणं अर्थातच वाह्यातपणा ठरेल. पण काय मिळत नाही ते आधी मान्य करून, जे मिळतं त्यातून नेमकं कुठलं काम काढायचं ते ठरवणं, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. परममधली खरी अक्कल सुट्या भागांत नव्हती, त्यांच्या जोडणीत होती.

खेळांच्या दुनियेत याचं अलीकडचं उदाहरणही पुण्याचंच. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ बनवला. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. एपिकचं अनुदान मिळालं, अनरिअल इंजिनवर खेळ पुरा झाला. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी वास्तू, कथेचे दुवे सांधायला सावल्यांच्या बाहुल्या. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट १८ ऑगस्ट २०२० रोजी सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर आली, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळासाठी तिचं नामांकन झालं. इथं थांबून स्विचकडे पाहावं. त्याच्या आतली टेग्रा एक्स१ चिप २०१५ची. रॅम ४ जीबी. आज आठ-दहा हजारांच्या फोनमध्ये असते तेवढी. एवढ्याशा यंत्रावर राजी धावावी म्हणून त्या मंडळींना प्रत्येक दगडाचे त्रिकोण, प्रत्येक दिव्याची सावली मोजूनमापून वापरावी लागली असणार. बनवणाऱ्याचं यंत्र किती मोठं यापेक्षा खेळणाऱ्याचं यंत्र किती लहान, हा आकडा आधी ठरतो.

बोदवडच्या मुलाकडे हा आकडा घरातच आहे. त्याचे पहिले खेळाडू म्हणजे गल्लीतली पोरं, आणि त्यांच्या हातात ४ जीबीचे अँड्रॉइड फोन. अमेरिकेतल्या एरिक बरोन या एकट्या माणसानं साडेचार वर्षं खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ केला, २०१६च्या फेब्रुवारीत तो आला आणि जगभर गेला; त्याची चित्रं ठिपक्याठिपक्यांची आहेत आणि तो जुनाट लॅपटॉपवरही चालतो. त्या शेतात गुलाबी बोंडअळी नाही, फवारणीची उधारी नाही, ग्रेड उतरवणारा व्यापारी नाही. बोदवडमधून शेतीचा खेळ निघाला तर त्याचे नियम बरेच कडक असतील, आणि त्याला महागडं कार्ड लागणार नाही.

इंजिनाची निवडही याच हिशेबानं व्हावी. अनरिअल उतरवायला दोन आकडी जीबी लागतात. रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनवर त्याचं गणित महिन्यावर जातं. गोडो काही एमबींत उतरतं, फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. अर्जेंटिनाच्या दोघांनी ते उभं केलं, २०१४ साली सगळ्यांसाठी मोकळं केलं. युनिटीनं सप्टेंबर २०२३मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे आकारायचं ठरवून लहान स्टुडिओंना घाबरवलं आणि वर्षभरानं निर्णय मागे घेतला. तेव्हापासून गोडोकडे वळलेले बरेच. मराठी मुलासाठी यात एक जास्तीची बाब आहे. देवनागरी लिहायला इंजिनाला जोडाक्षरं जुळवता यावी लागतात. ती सोय नसेल तर ‘विहीर’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि ‘क्ष’चे तुकडे पडतात. गोडोच्या २०२३मधल्या चौथ्या आवृत्तीपासून ही जुळणी इंजिनातच आहे. युनिटीत त्यासाठी बरीच वर्षं बाहेरून खटपट करावी लागायची. पंधरा हजारांच्या वापरलेल्या संगणकावरही हे तपासून पाहता येतं, आणि कार्ड घेण्याआधी पाहावं.

मॉनिटर २२ किंवा २४ इंची, १०८०पीचा, आयपीएस पॅनेलचा. यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही. कीबोर्ड-माउस दुकानदार देईल तो.

गोलाणीत खरेदी झालीच तर संगणक काउंटरवर जोडून, चालवून दाखवायला लावावा. अर्धा तास जातो, जाऊ द्यावा. पक्कं बिल घ्यावं आणि कार्डावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या व बिलावरच्या नंबराशी ताडून पाहावा. पुढे कधी वॉरंटीचा प्रश्न आला तर तोंडओळख उपयोगी पडत नाही. निघताना ग्राफिक कार्ड खाचेतून काढून त्याच्या मूळ खोक्यात घालावं. पाऊण-एक किलोचं कार्ड बोर्डाला आडवं लटकलेलं असतं, आणि जळगाव ते बोदवड एसटीच्या मागच्या सीटवर त्या खाचेला जे धक्के बसतील ते तिनं सोसावेत म्हणून ती बनवलेली नाही.

घरी पोचल्यावर कार्ड परत बसवायचं, यूपीएस लावायचा, आणि विंडोज टाकायच्या आधी बायोस उघडून एक्सएमपी चालू करायचं. ३२००ची म्हणून विकत घेतलेली रॅम सुरुवातीला २४०० किंवा २६६६वरच धावत असते. ते एक बटण न दाबता वर्षानुवर्षं चाललेले संगणक तालुक्या-तालुक्यात आहेत. पैसे ३२००चे मोजले, वेग २४००चा घेतला, आणि कुणाला पत्ताही नाही.